पुन्हा धरलेला अंतरपाट

प्रयोगशाळेत उंदीर शिरला आणि त्याने काळा पडदा कुरतडला, एवढंच खरं तर घडलं होतं. बाकी सगळं त्याच्या मागून आलं.

प्रयोगशाळा तरी कसली, यवतमाळबाहेर धामणगाव रोडवरच्या एका कॉलेजची मागची लांबट खोली. दोन्ही टोकांना दारं, मधे दोन जड टेबलं आणि त्यांच्यामधून अंग चोरून जाता येईल एवढी वाट. खिडक्यांना आतून काळे पुठ्ठे ठोकलेले. बाहेर एप्रिलचं ऊन आणि आत कण्हत कण्हत चालणारा एसी. त्या खोलीत अनघा आणि सलील हे नवरा-बायको चार वर्षं प्रकाश मोजत होते.

लोकांना ते समजावून सांगणं अवघड जाई. प्रयोगाचं दुसरं टोक कळंबला, किसनराव नावाच्या शेतकऱ्याच्या रिकाम्या गोदामात होतं. किसनरावांनी एकदा सरळच विचारलं होतं, "मॅडम, तुमी दोघं उजेड दाबून राह्यले म्हन्ते लोकं. खरं हाय का?"

आणि ते खरंच होतं. प्रकाशाच्या किरणात एक बारीक थरथर असते, ती कशानेही जात नाही. पण तिला दोन बाजू असतात. एक बाजू दाबून शांत केली की दुसरी तेवढीच फुगते. कापसाचं पोतं दाबून बघितलेल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. अनघाने असे दोन दाबलेले किरण एकमेकांत गुंतवले होते. एक खोलीतच राहायचा, दुसरा हायवेलगत पुरलेल्या पडीक काचतारेतून, म्हणजे ऑप्टिकल फायबरमधून, कळंबला जायचा. एकेकटा बघितला तर दोन्हीकडे नुसता गोंगाट. पण दोन्ही गोंगाट शेजारी ठेवून एकातून दुसरा वजा केला, की मागे जी शांतता उरे ती जगात दुसरीकडे मिळायची नाही. त्या शांततेत दोन किरणांमधला अगदी नगण्य फरकसुद्धा मोजता यावा, एवढ्यासाठी सगळा खटाटोप.

स्क्रीनवर त्या फरकाची एक रेघ उमटे. सलीलने तिला मराठीत नाव दिलं होतं, 'अंतर'. रेघ जाड असली तर अंदाज कच्चा, बारीक झाली तर पक्का. किरण जितके घट्ट गुंतत तितकी रेघ बारीक होई, आणि तितकाच प्रत्येकाचा एकट्याचा गोंगाट वाढे. दोघांच्या मधलं सगळं ठाऊक, पण दोघांपैकी एकाचंही काही सांगता येत नाही. वर्गात हे शिकवताना सलील म्हणायचा, "लग्नासारखंच आहे." मुलं हसायची. पूर्वी अनघाही हसायची.

आता लग्न म्हणावं असं फारसं उरलं नव्हतं. संक्रांतीपासून सलील कळंबलाच राहत होता, गोदामाच्या माडीवर. 'प्रयोगासाठी' असं त्याच्या आईला, सुचित्राबाईंना, सांगितलं होतं. निमित्त झालं एका लोखंडी प्लेटचं. दोघं मिळून ती उचलत होते, ती सुटली आणि सलीलच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर पडली. कोणाच्या हातून सुटली हे दोघांनीही ठरवून टाकलं होतं, वेगवेगळं. नख मुळापाशी काळं पडलं आणि बोलणं कामापुरतं उरलं.

तर उंदराने पडदा कुरतडला आणि एका रविवारी सलील तेवढ्यासाठी यवतमाळला आला. एका टेबलावरचा चुकार उजेड दुसऱ्यावर जाऊ नये म्हणून मधल्या वाटेत लांबीने पडदा हवाच होता. त्याने पिशवीतून एक जाड, दुपदरी कपडा काढला आणि तारेवर चिमटे लावून टांगला. मधोमध कुंकवाचं स्वस्तिक होतं, आरपार उमटलेलं.

"हा आपला अंतरपाट आहे," अनघा म्हणाली.

"आईच्या ट्रंकेतून आणला. याचे तंतू उडत नाहीत." तो कपड्याच्या पलीकडे गेला. "तुला काही शास्त्रीय हरकत?"

शास्त्रीय हरकत काहीच नव्हती. इथेच ते दोघं फसले, असं म्हणायला हवं. दुसऱ्या कुठल्याही घरात त्या कपड्याला हात लावायच्या आधी कोणीतरी थोरामोठ्यांना विचारलं असतं. या दोघांनी फक्त तंतूंचा विचार केला.

पलीकडून आवाज आला, "सावधान!"

कपडा पोटरीपर्यंतच पोचत होता. खाली सलीलची अनवाणी पावलं दिसत होती. लग्नात मंगलाष्टकं लांबत चालली होती तेव्हाही अनघाला त्याची एवढीच ओळख दिसत होती, आणि त्याने पायाचा अंगठा दोनदा उचलून तिला भर मांडवात हसवलं होतं. आताही काळ्या नखाचा अंगठा दोनदा उचलला गेला. ती हसली. राग गेला म्हणून नाही, पण हसली. मग पावलं वळली, टाचा दिसल्या, पलीकडचं दार वाजलं. चहा न घेताच गेला, एवढंच तिच्या मनात आलं.

त्या आठवड्यापासून रेघ बारीक होऊ लागली.

आधी अनघाला आनंद झाला. मग शंका आली. कळंबपर्यंतच्या काचेत निम्म्याहून जास्त प्रकाश वाटेतच सांडतो, आणि जेवढा सांडतो तेवढी शांतता बिघडते. त्या मर्यादेपलीकडे रेघ बारीक होऊच शकत नाही; हा नियम यंत्राचा नाही, निसर्गाचा आहे. रेघ त्या मर्यादेखाली गेली. अनघाने सगळं उघडून पुन्हा जुळवलं, तारा बदलल्या, हिशेब नव्याने मांडला. रेघ आणखी बारीक झाली.

"तुझ्याकडचं काहीतरी बिघडलंय," तिने फोनवर सांगितलं.

"माझ्याकडे सगळं ठीक आहे. तुझ्याकडे बघ," सलील म्हणाला. त्यांच्या लग्नाची हकीकत या दोन वाक्यांत मावली असती.

त्याच सुमारास पुण्याहून गौरीचा फोन आला. गौरी दोघांची जुनी वर्गमैत्रीण. "अभिनंदन गं! सलीलला कॅनडात जागा मिळाली म्हणे. जूनमध्ये निघणार ना तुम्ही?"

"हो ना," अनघा म्हणाली. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ एसीचा आवाज ऐकत बसली. निघणार ना तुम्ही. तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. तिच्या अंगाची लाही लाही झाली. जायचं तर जा, पण माझ्यासमोर उभा राहा आणि माझ्या डोळ्यांत बघून सांग, की तुला सोडून चाललोय. लग्नात सगळ्या गावासमोर 'अंतर देणार नाही' म्हणाला होतास, तसंच तोंडावर सांग. फोनवर तिला ते नको होतं. तेवढी एक गोष्ट तिला त्याच्याकडून हवी होती, आणि ती घेतल्याशिवाय ती त्याला जाऊ देणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती गाडी काढून कळंबला गेली. गोदामाला कुलूप. तिथूनच फोन केला तर सलील वैतागलेला. "मी यवतमाळला आलोय, लॅबमध्ये बसलोय. सांगून निघता येत नाही?"

रस्ता एकच. वाटेत त्याची गाडी कशी दिसली नाही, याचं तिला नवल वाटलं, पण ट्रकांच्या रांगेत चुकली असेल. ती परत आली तोवर तो कंटाळून कळंबला निघून गेला होता. टेबलावर त्याने प्यालेल्या पाण्याचा ग्लास होता.

पुढच्या वेळी ठरवून गेली. तो कळंबच्या चिंतामणीच्या देवळापाशी थांबतो म्हणाला. ती पायऱ्या उतरून थेट खाली गाभाऱ्यापर्यंत बघून आली. फुलवाली म्हणाली, साहेब आत्ता होते. मग एकदा तो घरी येणार होता, तर तिला अचानक कॉलेजच्या कामासाठी कळंबच्याच बाजूला जावं लागलं. प्रत्येक वेळी काहीतरी साधं, पटण्यासारखं कारण होतं. आणि प्रत्येक वेळी दोघांची खात्री होत गेली, की समोरचा मुद्दाम टाळतोय.

"तोंड दाखवायची लाज वाटते का?" तिने शेवटी विचारलं.

"मला? रोज मीच येतोय तुझ्या मागे मागे!" तो ओरडला. मग आवाज खाली आला. "अनघा, तुला शेवटचं बघितलं कधी, आठवतच नाहीये मला."

तिने स्क्रीनकडे पाहिलं. अंतराची रेघ कोळ्याच्या धाग्याएवढी उरली होती. दोन्ही बाजूंचे एकेकटे गोंगाट चौकटीच्या बाहेर गेले होते.

अनघा मोजमाप करणारी बाई होती. गोष्ट पटत नसेल तर ती तपासायची, एवढं तिला कळत होतं. भर दुपारी ती कळंबला निघाली. फोन चालू ठेवून शेजारच्या सीटवर ठेवला. "तू खुर्चीतून उठायचं नाहीस," तिने सलीलला सांगितलं. "मी येईपर्यंत बोलत राहायचं."

"बरं," तो म्हणाला. "बसलोय. किसनराव चहा घेऊन आलेत." मागून किसनरावांचा आवाजही आला. "मॅडम येऊन राह्यल्या का? त आनखी एक कप सांगतो."

सगळा रस्ता तो बोलत राहिला. काय बोलावं न सुचून त्याने रस्त्यावरच्या खुणा विचारल्या, टोलचा नाका गेला का, ती नवी जिनिंग मिल दिसली का. पूर्वी ते दोघं असेच बोलायचे. अनघाने गोदामासमोर गाडी लावली आणि फोन हातात घेतला.

दारात किसनराव विळा घासत बसले होते. "जा ना अंदर. साहेब हायेत."

ती आत गेली. खुर्ची रिकामी होती. टेबलावरच्या चहातून वाफ निघत होती.

"आलीस का?" फोनमधून सलील म्हणाला. "दार वाजल्यासारखं वाटलं."

"सलील, तू कुठे आहेस?"

"इथेच. खुर्चीत."

तिने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. रेक्झिन गरम होतं. किसनराव मागून आले आणि डोळे बारीक करून बघू लागले. "म्या त दारातच बसून हावो मॅडम. गेले असते त मले दिसले असते ना. दुसरी वाट कुठी हाय इथं?"

"सलील," ती शक्य तितक्या सावकाश म्हणाली, "तुला समोर काय दिसतंय?"

"कपडा," तो म्हणाला. "पांढरा. वर स्वस्तिक आहे, पण उलटं. अनघा, कळंबला हा कपडा कोणी आणला?"

कळंबच्या गोदामात कपडा नव्हताच. तो यवतमाळला होता, आणि पलीकडच्या बाजूने बघितलं तरच त्यावरचं स्वस्तिक उलटं दिसत होतं.

"हलू नकोस," अनघा म्हणाली. गाडीत बसता बसता तिने किसनरावांच्या फोनवरून सासूबाईंना फोन लावला. "आई, रिक्षा करा आणि आत्ताच्या आत्ता लॅबमध्ये जा. सलील तिथे आहे. मी येईपर्यंत त्याला सोडू नका."

सुचित्राबाई पोस्टातून निवृत्त झालेल्या, पाठीचा कणा ताठ असलेल्या बाई. मुलगा-सून काय करतात यात त्यांनी कधी नाक खुपसलं नव्हतं. त्या खोलीत त्यांनी आजवर पाऊलही टाकलं नव्हतं. अनघा पोचली तेव्हा त्या अलीकडच्या दारात, चौकट धरून उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक.

"हा कोणी टांगला?" त्या म्हणाल्या.

"सलीलने. आई, तो कुठे आहे?"

"अगं, अंतरपाट एकदा सारला की सारला. त्याच जोडप्यात तो पुन्हा धरत नाहीत. आणि धरलाच, तर सारल्याशिवाय मधून उठत नाहीत. तुम्ही धरून ठेवलात आणि दोन बाजूंनी निघून गेलात? किती दिवस झाले?"

अनघा कपड्याखाली बघत होती.

पलीकडे, दोन टेबलांमधल्या वाटेत, दोन अनवाणी पावलं उभी होती. डाव्या अंगठ्याचं नख काळं होतं.

हातातल्या फोनमधून सलीलचा आवाज आला. अगदी हळू. "अनघा, कपड्याखाली तुझे पाय दिसतायत."

काळ्या नखाचा अंगठा दोनदा उचलला गेला.

"थांब," सुचित्राबाई कुजबुजल्या. "एकटीने हात लावू नकोस. हा दोन टोकांनी दोघांनी धरून सावकाश बाजूला घ्यायचा असतो. एक टोक मी धरते. दुसऱ्यासाठी कोणालातरी बोलावते. थांब गं, पाया पडते तुझ्या."

पण अनघाच्या आत इतक्या दिवसांचं साठलं होतं. एका कपड्यापलीकडे तो उभा होता. आता त्याचा चेहरा दिसणार होता, आता तो बोलणार होता, किंवा त्याला बोलता येणार नव्हतं, आणि त्याला शब्द सापडत नाहीत हे तिला बघायचं होतं. तिने मुठीत कपडा धरला आणि ओढला. चिमटे तडातडा उडाले.

पलीकडे दुसरं टेबल होतं. त्यामागे भिंत.

फोनमधून आता नुसता गोंगाट येत होता. एकसारखा, पावसासारखा. तिने तो कानाला लावून ठेवला.

सुचित्राबाईंनी कपडा जमिनीवरून उचलला, झटकला, घडी करून छातीशी धरला आणि सुनेकडे न बघता बाहेर पडल्या. स्क्रीनवर अंतराची रेघ तशीच होती. अनघाने रेघ मोठी करून बघितली, आणखी मोठी केली. रेघेला जाडीच उरली नव्हती.

पोलिसांनी रीतसर शोध घेतला. नवरा-बायकोचं पटत नव्हतं, परदेशात नोकरी मिळाली होती, गेला असेल, असं त्यांनी तोंडावरच सांगितलं. कॅनडातली जागा दुसऱ्या कोणाला गेली. किसनराव गोदामातली खुर्ची कोणाला बसू देत नाहीत.

सुचित्राबाईंनी तो कपडा स्वयंपाकघराच्या दाराला पडदा म्हणून लावला. त्याच्यासमोर पाट मांडून त्या भाजी निवडत, आणि निवडता निवडता बोलत. कॉलेजातलं, नातेवाइकांतलं, काहीबाही. एकदा पाहुण्यांपैकी कोणीतरी पडदा सारून आत जाऊ लागलं, तेव्हा त्या किंचाळल्या होत्या. सुनेला त्यांनी एवढंच सांगितलं, "मला पावलं तरी राहिलीत. तुला तेही नको होतं."

अनघाने वेगळी खोली घेतली. दाराला पडदा नाही, खिडकीला कागद चिकटवलेले. पलंगावरची चादरसुद्धा ती खाली लोंबू देत नसे. लोकांना वाटायचं, दुःखाने विक्षिप्त झाली. दुःख होतंच. पण त्याहून जास्त चीड होती, आणि तिला जागा नव्हती. ज्याच्यावर काढायची तो समोर येत नव्हता आणि जातही नव्हता.

दिवाळीच्या आधी, एका लख्ख सकाळी, गच्चीवर धुतलेली साडी वाळत घालताना ती गाफील राहिली. साडी दोरीवरून लांब सोडली, सुरकुत्या झटकल्या आणि खाली बघितलं.

काठाखाली पावलं होती.

ती पळाली नाही. तिने नीट निरखून पाहिलं, सवयीने. डाव्या अंगठ्याचं काळं नख वाढत वाढत टोकापर्यंत आलं होतं. काळ्याची एक बारीक कोर राहिली होती, आणि नखं नुकतीच कापलेली होती. म्हणजे तो कुठेतरी राहत होता, जेवत होता, नखं कापत होता. बहुधा तोही कुठल्यातरी कपड्याखाली तिची पावलं बघत होता.

तिला साडी ओढायची नव्हती. आता तिला फक्त हे संपवायचं होतं. जे त्याने तिला सांगावं म्हणून ती वाट बघत होती, ते तिनेच सांगून टाकलं.

"जा, सलील," ती म्हणाली. "मीच तुला सोडलं. जा तू."

अंगठा थोडा उचलला गेला. एकदाच. मग पावलं सावकाश वळली आणि टाचा दिसू लागल्या.

ती थांबून राहिली. एक पाऊल पुढे पडेल, मग दुसरं. खालच्या रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. ऊन चढलं, साडीचा काठ वाळून हलका झाला आणि वाऱ्यावर हलायला लागला. टाचा जागच्या जागी होत्या.

खोलीत फोन वाजत होता. तिने खाली येऊन उचलला. सुचित्राबाई होत्या; कित्येक महिन्यांनी त्यांनी स्वतःहून फोन केला होता.

"काय बोललीस गं त्याला?" त्या विचारत होत्या. "सकाळपासून माझ्याकडे पाठ करून उभा आहे."